देवदाराच्या वळणावरून घर दिसतं

ओनोसावा, १० जानेवारी

रेइजी,

पत्राच्या सुरुवातीला हवापाणी लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती माणसांना लिहायच्या पत्रांची. इथे बर्फ किती पडलंय ते तुला टीव्हीवर दिसतं आणि माझी तब्येत विचारायचं तुला सुचणार नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. फोन केला असता, पण ताईचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस.

तुझं सामान घेऊन जा.

मार्चअखेर आपला स्कीचा उतार कायमचा बंद होतोय. लिफ्टचे खांबसुद्धा उपटून नेणार म्हणे. म्हणजे आता ओनोसावात स्नोबोर्ड बनवून घ्यायला कोण येणार, डोंबल? वर्कशॉप रिकामं करून मी तिथे मशरूम लावणार आहे. बाबांची यंत्रं विकली. कानशी, पकडी, मेण लावायच्या इस्त्र्या एका खोक्यात घातल्यात. भिंतीवर आता एकच गोष्ट उरलीय, तुझा तो बोर्ड. एकोणिसाव्या वर्षी बाबांच्या नकळत, बाबांचंच लाकूड वापरून केलेला. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याचा.

अख्ख्या घरात बोर्डावर आडवं उभं राहताना कुणी उजवा पाय पुढे ठेवत नाही. बाबांनी जन्मभर बोर्ड केले ते डावा पाय पुढे टाकणाऱ्यांचे. चवड्याकडची कड वेगळी, टाचेकडची वेगळी. डाव्या चपलेत उजवा पाय घातला तर कसं होईल, तसं तुझं व्हायचं त्यावर. बाबांनी तुला वळण लावायचा किती प्रयत्न केला! तू ढिम्म. शेवटी वेगळा बोर्ड करून आणलास आणि सगळ्यांसमोर भिंतीला टेकवून ठेवलास. बाबा म्हणाले, "उलट्या पोराची उलटी फळी." मीही हसले होते. आजही हसेन. एवढ्यावरून कुणी घर सोडून साप्पोरोला जातं?

आणि तू काही साधुसंत नव्हतास. लहानपणापासून खोटारडा. आठवतं? बर्फावरून उतरून आलास की सांगायचास, "देवदाराच्या वळणावरून आपलं घर दिसतं, आई मागच्या खिडकीतून हात करते." अरे, हिवाळ्यात मागच्या सगळ्या खिडक्यांना बर्फ लागू नये म्हणून फळ्या ठोकलेल्या असतात! बाबा म्हणायचे, "मी त्या वळणावरून हजार वेळा आलोय, मला कधी घर दिसलं नाही." तरी तू आपलं तेच धरून बसायचास. आई बिचारी मान खाली घालून भाज्या चिरायची.

ती गेली तेव्हा आलास, धूप लावलास, संध्याकाळच्या गाडीने परत. गेल्या वर्षी छतावरचं बर्फ उतरवायला घरात पुरुष म्हणून बाबाच होते. सत्तरी उलटलेला माणूस फावडं घेऊन चढला आणि खाली आला तो डाव्या घोट्याचा चुरा करून. तो घोटा आता वाकत नाही. कायमचा. तू काय पाठवलंस? फळांचा डबा. आणि आता नवीन वर्षाला तुमच्या कंपनीचं ते यंत्र. काड्यापेटीएवढी डबी, ती बोर्डावर बसवायची आणि कानात इयरफोनचं बोंड घालायचं. मग ते सांगणार की कड बर्फात किती अंश कलली, कुठल्या वळणावर सुटली. ज्या माणसाने बर्फावरची रेघ बघून सांगावं की हा कोण गेला, काय खाऊन गेला, त्याला तू अंश मोजायचं खेळणं पाठवतोस! आणि तेही घोटा जाम झाल्यावर. बाबांनी बघितलं आणि खणात टाकलं.

महिनाअखेरपर्यंत येऊन बोर्ड ने. नाहीतर शेगडीत घालीन.

चिझुरु


ओनोसावा, ३० जानेवारी

रेइजी,

चोरासारखा येऊन गेलास तर.

काल बोर्ड उतरवायला वर्कशॉपमध्ये गेले, तर भिंतीवर नुसत्या दोन खुंट्या. एवढं लिहिलं तरी समोरासमोर यायची तुझी छाती झाली नाही? बाबा पलीकडच्या खोलीत बसलेले असताना मागच्या दाराने शिरायचं, आपलं तेवढं उचलायचं आणि पसार व्हायचं. खणातली डबीसुद्धा नेलीस. दिलेली भेट परत नेणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता.

बाबांना विचारलं, "रेइजी येऊन गेला का?" त्यांनी मान हलवली, ती हो अशी का नाही अशी ते कळेना. हल्ली ते असेच. दुपारी फिरायला म्हणून काठी घेऊन जातात, घामाघूम होऊन येतात आणि सूप पिऊन झोपतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून मी काही बोलत नाही.

त्यांच्या मनात काय चाललंय ते मला माहीत आहे. शेवटच्या दिवसाची पहिली रेघ. तू विसरला असशील म्हणून सांगते. दर वर्षी हंगाम संपून उतार बंद व्हायच्या दिवशी सकाळी, लिफ्ट सगळ्यांना सुरू व्हायच्या आधी, यंत्राने नुकत्याच विंचरलेल्या बर्फावरून एकट्या माणसाने खाली यायचं. गाव खाली उभं राहून बघतं. वरून खालपर्यंत कड रोवून आला तर मागे पेन्सिलीने काढल्यासारखी रेघ राहते आणि साकेच्या बाटल्या उघडतात. कुठे कड सुटून घसरला तर फराटा उठतो आणि पुढच्या वर्षीचा मान दुसऱ्याला. तू जन्मायच्या आधीपासून हा मान बाबांकडे आहे. गेल्या वर्षी ते प्लास्टरमध्ये होते म्हणून रेघ कुणी काढलीच नाही. आणि आता पुढचं वर्ष नाही. ह्या मार्चमध्ये जो येईल त्याचीच रेघ शेवटची.

गावच्या सभेत ठरलं की बाबांना जमणार नसेल तर होरिगोमेंनी उतरावं. होरिगोमे! दोन पायांत दोन काठ्या बांधणारा स्कीवाला! बाबांना तो आयुष्यभर "फळीवाले" म्हणून चिडवत आला. सभेत बाबांसमोर म्हणतो कसा, "कोमियामा, तू खाली खुर्ची टाकून बस, मी तुझ्या नावाने एक वळण घेईन." बाबा म्हणाले, "माझ्या नावाने तू चहा पी." पण परत येताना रस्ताभर काठीने बर्फ उकरत आले.

ह्या सगळ्यात तुझं काही नाही. बोर्ड मिळाला ना? बस त्यावर.

चिझुरु


ओनोसावा, १६ फेब्रुवारी

रेइजी,

बोर्ड तू नेला नव्हतास. ठीक आहे. माफी मागावी असं मला वाटत नाही. बाकी हिशेबात ती वळती करून घे.

सायो माहीत आहे ना, उतार विंचरायचं यंत्र चालवते ती? दुकानात भेटली. म्हणाली, "चिझुरुसान, तुमच्या बाबांची कमाल आहे हं. दुपारी लिफ्टवर कुणी नसतं, तेव्हा येतात. उलट्या पायावर!"

माझ्या हातातून अंडी पडायची राहिली.

तशीच उताराकडे गेले. रेइजी, तो माणूस तुझ्या बोर्डावर उभा होता. उजवा पाय पुढे, मोडका डावा मागे. बूट अडकवायची तुझी बाइंडिंग त्यांनी आपल्या मापाला सरकवून घेतली होती. वरून निघाले, दोन वळणं घेतली, लहान पोरासारखी कच्ची, पण रेघ होती. देवदाराजवळ उतार उजवीकडे वळतो तिथे टाचेच्या कडेवर आले आणि धप्पकन बसले. बर्फात हा मोठा फराटा. शेजारी आधीच्या दिवसांचे आणखी फराटे, सगळे एकाच जागी. होरिगोमे लिफ्टखाली चहा पीत ओरडला, "कोमियामा, संडासावर बसलायस का? पुढे वाक!"

मी चढत गेले. बाबा बर्फ झटकत होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"काय चाललंय? पडलो."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"पळू नका म्हणाले. मी पळतोय का?"

"तो बोर्ड कुणाचा आहे?"

"माझ्या भिंतीवरचा."

"त्यावर उलटं उभं राहावं लागतं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "हो. लागतं. घोटा जाम झालेला पाय पुढे चालत नाही. पुढच्या पायाला वळावं लागतं, बोर्डाला कुठे जायचं ते सांगावं लागतं. मागे टाकला तर चालतो, तसाही हा कडक बूट घोट्याला हलू देत नाही." मग बोर्डाच्या मधल्या निमुळत्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "कंबर चांगली कापलीय त्याने."

ऐकलंस? कंबर चांगली कापलीय. इतकी वर्षं तो बोर्ड भिंतीवर होता तेव्हा त्यांनी त्याला हात लावला नव्हता. मला इतका राग आला की मी एकटीच खाली उतरले. ह्या घरात राहिले मी. आईचं शेवटचं आजारपण मी काढलं, बाबांचं प्लास्टर मी धुतलं-पुसलं. आणि कौतुक कुणाचं? पळून गेलेल्याच्या फळीचं.

आता ऐक. ते पडले आणि दुसरा पाय मोडला, तर अंथरुणावरून त्यांना उठवणार कोण? मी. तू फोन उचलशील का ते देव जाणे. म्हणून तुला हे लिहितेय: बोर्ड तुझा आहे, तूच त्यांना सांग की देणार नाही. माझं ते ऐकत नाहीत. एक ओळ लिही. एवढं तरी कर.

चिझुरु


ओनोसावा, ८ मार्च

रेइजी,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं. मला वाटलं होतं निदान एकदा तरी माझं ऐकलं असशील. आणि लिहिलंस काय?

"बाबा देवदाराच्या वळणावर दर वेळी टाचेवर पडतात. पायाकडे बघत असणार. त्यांना सांग, तिथे घराकडे बघा."

तुला कसं कळलं ते कळायला मला अर्धा दिवस लागला. ती डबी! ती बाबांनी बोर्डावर बसवलीय आणि तिचे आकडे तिकडे तुझ्या फोनवर पोचतात. म्हणजे हा बर्फात पडलाय, उठलाय, परत पडलाय, हे सगळं तू साप्पोरोत बसून बघत होतास! कड किती कलली, कुठे सुटली. आणि एकदा फोन करून "बाबा, लागलं का?" म्हणून विचारलं नाहीस. लाज वाटत नाही? उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले, पण बाप पडतोय ते आकड्यांत मोजणारा पोरगा पहिलाच.

मी कार्ड बाबांच्या पुढ्यात आपटलं. म्हटलं, "घ्या! तुमचा चिरंजीव शिकवतोय तुम्हाला. घराकडे बघा म्हणे. अजून तेच खोटं!"

त्यांनी कार्ड वाचलं. परत वाचलं. जेवताना म्हणाले, "होरिगोमेला बोलाव."

होरिगोमे आला, बूट काढले, आपल्या घरचं लोणचं पुढे ठेवलं. बाबांनी विचारलं, "देवदाराच्या वळणावरून माझं घर दिसतं का?"

होरिगोमे म्हणाला, "दिसतं की. रोज दिसतं."

"मला कसं नाही दिसलं?"

"तुला कसं दिसेल? तू डावा पाय पुढे टाकणारा. त्या वळणावर तू चवड्यावर, पोट बर्फाकडे, पाठ घराकडे. आम्ही स्कीवाले समोर बघत येतो. पण आम्हाला कधी कुणी विचारलं?" लोणच्याचा तुकडा चघळत पुढे म्हणाला, "मागच्या खिडकीवरची एक फळी निघायची. तुझी बायको तिथून हात करायची. माझा समज होता, मलाच करते."

बाबांच्या कपाळाची शीर उडायला लागली. मला वाटलं आता मारामारी होते. होरिगोमे घाईघाईने म्हणाला, "अरे, नंतर कळलं! मी पुढे गेलो तरी करतच राहायची, माझ्यामागून पोरगा यायचा ना!"

तो गेल्यावर मी मागच्या खिडकीपाशी गेले. फळ्या सगळ्या ठोकलेल्या. एकीला मात्र खिळे नाहीत. दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या, ओढल्या की निघतील अशा. माझ्या जन्मापासून मी ह्या स्वयंपाकघरात राबतेय आणि दर वर्षी त्या फळ्या चढवणारी आईच होती, ती गेल्यावर त्या कुणी उतरवल्याच नाहीत. तिने आम्हाला का सांगितलं नाही, हे आता तिला विचारायची सोय नाही. तुला बाबा माझ्यासमोर खोटारडा म्हणायचे आणि ती मूग गिळून बसायची. मला तिचाही राग आला. आणि तुझा तर आलाच. तू तरी आम्हाला ओढत नेऊन दाखवायचीस ना ती फळी! रुसून बसायचं, एवढंच तुला जमलं.

बाबांनी फळीकडे बघितलं आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी उताराकडे गेले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आता खूश आहेस?

चिझुरु


ओनोसावा, ३० मार्च

रेइजी,

डोंगरावरचं बर्फ उन्हाने जड झालंय, पण सकाळी अजून कडक असतं. नाल्याचा आवाज सुरू झालाय. बघ, हवापाणी लिहिलं. डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. कालचा दिवस सांगायचा तर बर्फ कसं होतं ते सांगावंच लागतं.

काल उतार बंद झाला. तुझ्या फोनवर काही आलं नसेल. बाबांनी सकाळी डबी बोर्डावरून काढली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "का?" म्हणाले, "आज आकडे नकोत. काय झालं ते तू लिही त्याला." म्हणजे हे पत्र मी माझ्या हौसेने लिहीत नाहीये, समजलं?

होय, ते उतरले. मधले काही दिवस घरात बसले, मग परत जायला लागले. देवदारापाशी पडतच होते. आदल्या दिवशीसुद्धा पडले. मी सांगून टाकलं होतं, "मी बघायला येणार नाही. तुम्हाला स्ट्रेचरवरून उतरवतील तेव्हा या म्हणून निरोप पाठवा." मी खरंच गेले नाही. सगळं गाव तिकडे, आणि मी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होते. खालून भोंगा ऐकू आला, म्हणजे ते लिफ्टवर बसले. परत एकदा भोंगा, म्हणजे वर पोचले.

तेव्हा मला कळलं की फळी बंद आहे.

म्हणजे घराकडे बघायला सांगितलंय त्यांना, आणि घराला बघायला जागाच नाही! नुसती भिंत. मी ओल्या हातांनी खुंट्या ओढल्या. फुगलेल्या होत्या, निघेनात. चमच्याच्या दांड्याने उचकटल्या, एक तुटली. फळी माझ्या पायावर पडली, तुला शिव्या दिल्या. थंडी आत आली आणि समोर तो उतार, पांढरास्वच्छ, सायोने विंचरून ठेवलेला.

बाबा आधीच निघाले होते. वरचं पहिलं वळण, दुसरं, तिसरं. ह्या वेळी कच्ची नव्हती. देवदारापाशी आले, टाचेवर गेले, आणि मी बघितलं की ते खाली बघतायत. आता पडणार. मी हात केला. नुसता हात कसला, ओले तांदूळ चिकटलेला पंजा बाहेर काढून वेड्यासारखी हलवत सुटले. आईगं, ओरडलेसुद्धा. इतक्या लांब काय ऐकू जाणार!

त्यांनी मान वर केली.

रेइजी, त्या वळणावर त्यांचं तोंड घराकडे होतं. पूर्ण. छाती माझ्याकडे, पाठ बर्फाकडे, आणि कड रुतलेली. ते माझ्याकडे बघत वळत राहिले, वळत राहिले, आणि देवदारामागे गेले. फराटा उठला नाही.

खाली साके उघडली त्याचा गोंगाट मला घरात ऐकू आला. होरिगोमे रडला म्हणे. बाबांना म्हणाला, "उलट्या पायावर का होईना, रेघ सरळ आली." बाबांनी त्याला कोपर मारलं.

दुपारी घरी आले तेव्हा मी फळी परत बसवत होते. म्हणाले, "राहू दे." बूट काढायला बसले. मी नाड्या सोडत होते. तेव्हा, माझ्या डोक्यावरून, कुणाशी बोलत होते देव जाणे, म्हणाले, "पोरगं खरं सांगत होतं."

हे त्यांनी मला सांगितलं, तुला नाही. तुला सांगायला त्यांची जीभ रेटणार नाही, तू ओळखतोस त्यांना. म्हणून मी लिहिलं. माझं काम झालं.

आता माझं ऐक. मी तुला माफबिफ केलेलं नाही. आईच्या आजारपणात तू नव्हतास, बाबा छतावरून पडले तेव्हा तू नव्हतास, आणि एका बोर्डाने ते भरून येत नाही. तुझ्या खोलीत मी बटाटे ठेवलेत. ते हलवणार नाही.

पण बोर्ड शेगडीत घातला नाही. बाबांनी काल संध्याकाळीच त्याला उन्हाळ्याचं जाड मेण लावलं. आपल्या मापाला सरकवलेली बाइंडिंग काढली आणि परत तुझ्या जुन्या भोकांत बसवली. मी म्हटलं, "लिफ्टच नाही तर आता कुणासाठी?" म्हणाले, "लिफ्ट नसली तर माणूस चालत चढतो."

डिसेंबरात छतावर बर्फ साचेल. ह्या वर्षी मी बाबांना शिडीला हात लावू देणार नाही. मी स्वतः चढणार नाही. गावात मजूर मिळतात, पण मी कुणाला सांगितलेलं नाही. फावडं मागच्या दाराशी आहे.

चिझुरु